दुसऱ्या ब्रेकला अडकलेला कॅमेरा

पुढच्या गाडीच्या स्टिअरिंगवर बाई बसली आहे हे दिसलं की तुमचा हात हॉर्नकडे जातो की नाही? उगाच मान हलवू नका, खरं सांगा. भिंगरीच्या आईने अर्धं आयुष्य त्या हॉर्नच्या आवाजात काढलं आहे. ती गाडी शिकवते, आणि फक्त बायांना. आधी हे काम भिंगरीचे बाबा करायचे. त्यांची कंबर गेली तशी आई शेजारच्या सीटवर जाऊन बसली आणि बाबा घराच्या पुढच्या खोलीत फोनपाशी. "मी बसून खातो, ती बसून कमावते," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात आणि स्वतःच हसतात.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. एका जागी टिकत नाही म्हणून पडलेलं. पण शिकवणीच्या गाडीच्या मागच्या सीटवर मात्र ती तासन्‌तास टिकायची. शाळेचा अभ्यास तिने तिथेच केला, गचके खात. तिच्या वह्यांतलं अक्षर बघून मास्तरीण विचारायची, काय गं, बोटीत बसून लिहितेस का? समोर फक्त माना दिसायच्या. माणूस घाबरलं की मान खांद्यात जाते आणि भीड चेपली की हळूहळू बाहेर येते, हे तिला अक्षरओळखीच्या आधी कळलं होतं. पुढे तिने कॉलेजात मीडियाचा विषय घेतला तेव्हा नातेवाईक म्हणाले, व्हिडिओ तर आमचं शेंबडं पोरही काढतं, त्याला कॉलेज कशाला? भिंगरीने तोंडावर सांगितलं, "तुमचं पोर काढतं म्हणूनच लागतं."

दुसऱ्या वर्षाला सरांनी काम दिलं. एखाद्या छोट्या धंद्याचा प्रचाराचा व्हिडिओ करायचा. आधी आराखडा, मग शूटिंग, आणि शेवटी तो ज्यांच्यासाठी केला त्या लोकांना दाखवून त्यांचं मत घ्यायचं, आणि आपलं कुठे चुकलं ते लिहायचं. वर्गातल्या पोरांनी केकवाला, जिमवाला, मोबाइलवाला पकडला. भिंगरीने आई पकडली.

स्वयंपाकघरात जमिनीवर मोठा कागद पसरून तिने चौकोन आखले, एकेका चौकोनात एकेक शॉट. आई कणिक मळता मळता वाकून बघू लागली.

"यात मी कुठे आहे?"

"हा बघ, हा तुझा पाय."

"एवढी वर्षं घसा फोडतेय आणि माझा नुसता पाय?"

"तोच तर मुद्दा आहे, आई."

मुद्दा खरंच पक्का होता. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायापाशी दुसरा ब्रेक असतो. नवी बाई येते, तिला घाम फुटलेला असतो. आई तिला आधी तो ब्रेक दाखवते. म्हणते, तुम्ही काहीही दाबा, शेवटचा शब्द माझ्या पायाचा. त्या एका वाक्यावर बाया स्टिअरिंगला हात लावतात. भिंगरीला तोच पाय हवा होता, अगदी जवळून. त्यासाठी तिने कॉलेजातून बोटभर कॅमेरा आणि तो कुठेही घट्ट बसवणारा लोखंडी चिमटा आणला.

गाडी चालवायला तिने टेलरकाकूंना गळ घातली. काकू शाळांचे गणवेश शिवतात. नवऱ्याच्या माघारी त्यांची व्हॅन दारातच उभी आहे, पण चालवतो दीर. गणवेश दुकानात पोचवायचे म्हणजे दरवेळी त्याच्या नाकदुऱ्या काढायच्या. "वहिनी, तुमच्या हातात कात्रीच शोभते हो," हे ऐकायचं आणि वर चहाही करून द्यायचा. एक दिवस काकू गळ्यातली मापाची टेप न काढताच तरातरा आल्या आणि आईला म्हणाल्या, "बाई, मला शिकवा. त्याच्या हातून किल्ली घ्यायची आहे." बाकी काही नको होतं त्यांना. तेवढी एक किल्ली.

आईने त्यांना त्यांच्याच भाषेत शिकवलं. ॲक्सिलरेटर म्हणजे तुमच्या मशीनचा पेडल समजा, मलमल शिवताय, हलका पाय. काकूंची मान खांद्यांतून बाहेर यायला लागली होती. लायसनची परीक्षा तोंडावर आली होती.

"काकू, व्हिडिओ काढू ना?" भिंगरीने विचारलं.

"काढ की. दिराला दाखवू."

त्या सकाळी ऊन दारातून तिरकं येऊन नेमकं आईच्या ब्रेकवर पडलं होतं. भिंगरी गाडीत उलटी लोंबकळत त्याच्या मागे चिमटा बसवत होती. स्क्रीनवर चित्र असं दिसत होतं की तिची नजर हटेना. ऊन घटकाभरात सरकणार होतं.

"ब्रेक पूर्ण खाली जातोय का, दाबून बघितलंस?" आईने विचारलं.

"बघितलं."

बघितलं होतंच. हाताने, ओणवं राहून, वरच्यावर. आणि डोळे ब्रेकवर नव्हते, स्क्रीनवर होते. गाडीतच वाढलेली पोरगी ती, दुसरं कुणी असतं तर घाबरून दोनदा विचारलं असतं. तिला वाटलं, ब्रेक काय मला नवीन आहे? आई शेजारच्या सीटवर बसली आणि लेकीच्या शब्दावर तिने स्वतः दाबून बघितलं नाही. असंही पहिल्यांदाच झालं.

गाडी उताराच्या रस्त्याला लागली. भिंगरी मागच्या सीटवर, हातात दुसरा कॅमेरा, दोन सीटांच्या मधून पुढे काढून काकूंच्या चेहऱ्यावर रोखलेला. दुकानं उघडत होती. पुढे एक ट्रक चालला होता, सिमेंटच्या पोत्यांचा. तो मध्येच थांबला.

"ब्रेक," आई म्हणाली.

काकूंचा पाय कडक झाला आणि ॲक्सिलरेटरवरच राहिला. गाडीने उसळी घेतली. आईने आपला ब्रेक दाबला. तो अर्ध्यावर जाऊन चिमट्याला अडला. आईने पुन्हा सगळा जोर लावून दाबला. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज झाला, बस्स. ट्रकची मागची फळी काचेत मोठी होत होती. काकूंनी स्टिअरिंग सोडून दिलं, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि अशी किंकाळी फोडली की रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थांबली. आईने एका हाताने हँडब्रेक खेचला, दुसऱ्या हाताने किल्ली फिरवली. टायर किरकिरले. गाडी थांबली तेव्हा फळी आणि बॉनेट यांच्यामध्ये हात घालता आला असता, डोकं नाही.

मागून कुणीतरी हॉर्न दिला, अर्थात. आईने खाली वाकून चिमटा उपटला, कॅमेऱ्यासकट, आणि मागे न बघता भिंगरीच्या मांडीवर ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर भिंगरीने उलट उत्तर तरी दिलं असतं.

"ताई, तुमची चूक नाही," आई काकूंना म्हणाली. "माझा ब्रेक अडला. ह्याच्यामुळे."

"पण आधी पाय माझाच चुकला ना, बाई," काकू म्हणाल्या. त्यांचे हात टेपशी चाळा करत होते. गाडीतून उतरून त्या चालत घरी गेल्या.

आता भिंगरीच्या जागी स्वतःला ठेवा. घरी येऊन तिने शूटिंग बघितलं. पायाचा शॉट फुकट गेला होता. पण काकूंचा चेहरा, हात वर जाण्याआधीचा तो एक क्षण, आणि ती किंकाळी! असा शॉट वर्गातल्या एकाच्याही बापजन्मी आला नसता. तिने तो सगळ्यात पुढे लावला. आधी किंकाळी, मग काळा पडदा, मग आईचा शांत आवाज, शेवटचा शब्द माझ्या पायाचा. बघताना तिच्याच अंगावर काटा आला.

आईने तो एकदा पाहिला, उभ्या उभ्याच.

"टेलरताईंना विचारलंस?"

"शूटिंगच्या आधीच विचारलं होतं. काढ म्हणाल्या."

"तेव्हा त्या घाबरलेल्या नव्हत्या."

"आई, हे सगळं तुझ्या धंद्यासाठी चाललंय."

"माझ्यासाठी असेल तर काढून टाक."

भिंगरीने नाही काढला. रागाच्या भरात तसाच वर्गात नेला. सर खुर्चीत पुढे सरकले. "हा चेहरा म्हणजे सोनं आहे," ते म्हणाले. "सुरुवातीलाच पकड घेतेस तू." वर्ग आधी दचकला, मग हसत सुटला. वायर नावाचा तिचा एक दोस्त आहे, गळ्यात कायम इअरफोनची वायर लोंबणारा. तो म्हणाला, "पाठव मला, आवाज साफ करून देतो." तिने पाठवला. त्याने आवाज साफ केला, आणि जाता जाता तेवढा किंकाळीचा तुकडा कापून, खाली हसण्याचा आवाज भरून वर्गाच्या ग्रुपवर टाकला. गंमत म्हणून. भिंगरीनेही त्याखाली हसरा चेहरा टाकला. हे लिहायला हात कचरतो, पण टाकला.

मग आली मत घेण्याची पाळी. गाडी शिकायची आहे पण धीर होत नाही अशा बाया बाबांनी फोन करकरून जमवल्या. पुढच्या खोलीत, जिथे आई रस्त्यावरच्या खुणा शिकवते, तिथल्या भिंतीवर चादर लावली. आई आली नाही. स्वयंपाकघरात भांडी मात्र जरा जास्तच वाजत होती.

व्हिडिओ सुरू झाला. किंकाळी झाली. दोघीतिघी हसल्या. संपल्यावर भिंगरीने विचारलं, "हे बघून गाडी शिकावीशी वाटली का? मनातलं सांगा."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी कोपऱ्यातली एक बाई, दवाखान्यात आया आहे ती, म्हणाली, "तुझी आई चांगलं शिकवत असेल गं. पण मी नाही यायची."

"का?"

"उद्या मी अशी ओरडले तर माझंही तोंड लावशील भिंतीवर."

"तसं नाही, ती सुरुवात आहे फक्त, पुढे बघा ना—"

"पुढचं आठवतच नाही. तोंडच आठवतंय त्या बाईचं."

तेवढ्यात सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. टेलरकाकू उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. चपला काढलेल्या नव्हत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. बाबा उठायला गेले, कंबरेने उठू दिलं नाही.

"माझं नाव काढून टाका, भाऊ," काकू बाबांना म्हणाल्या. "परीक्षा नाही द्यायची मला."

"काकू," भिंगरी पुढे झाली, "हा नुसता कच्चा आहे, बाहेर कुणाला दाखवला नाही—"

"मला नको सांगूस. मी आधीच बघितलाय. दिराच्या फोनवर आला. काल पाहुणे जेवायला होते, त्याने सगळ्यांना लावून दाखवला. मीच वाढत होते." हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "म्हणाला, वहिनी, आता किल्ली मागू नका हं."

स्वयंपाकघरातली भांडी थांबली होती.

भिंगरीची मान खांद्यात गेली. एवढ्या माना पाहिलेली पोर, पण आपली तिला दिसली नसणार.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात गेली ती भांडायलाच. वायरला जिन्यात गाठलं आणि त्याच्या फोनवर उभी राहून क्लिप पुसायला लावली. "अगं, गंमत होती, तूही हसलीस की," तो म्हणाला. "हो, हसले," ती म्हणाली, "म्हणून तुझी कॉलर धरत नाहीये. नाहीतर धरली असती." मग वर्गातल्या एकेकाला. काहींनी पुसली, काहींनी तिला वेड लागलंय म्हणून पुसली, काही म्हणाले पुसली आणि पुसली नाही. पण ग्रुपबाहेर गेलेली क्लिप कुणाच्या बापाला सापडणार?

व्हिडिओ तिने नव्याने जोडला. काकू त्यात कुठेच नाहीत. सर म्हणाले, "पकड गेली की."

"कोणाची, सर? शिकायला येणाऱ्या बायांची की आपल्या वर्गाची?"

"मार्क वर्गातच मिळतात, बाई."

"मग कमी द्या."

कमीच मिळाले. कुठे चुकलं या मथळ्याखाली तिने चिमट्याची गोष्ट लिहिली, आणि त्या आयाबाईचं वाक्य जसंच्या तसं. सरांनी तिथे लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं.

मग ती दिराकडे गेली. तो खाटेवर पडून फोनच बघत होता. "पुसतो की," तो म्हणाला. "पण मी एकट्याने पुसून काय होतंय? सगळ्यांकडे आहे. काल तर मलाच दुसरीकडून परत आली." आणि त्याने पुसली नाही. वर हसला.

व्हॅनची किल्ली मात्र काकूंकडे आहे. ती त्यांनी कशी मिळवली ते विचारू नका, त्या दिवशी त्या घरात चहा झाला नाही एवढं खरं. रोज दुपारी शिवण बाजूला ठेवून त्या दारातल्या व्हॅनमध्ये बसतात. इंजिन बंद. पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर. भिंगरीची आई शेजारी जाऊन बसते, काही शिकवत नाही, नुसती बसते. काकूंनी किल्ली अजून लावलेली नाही. गल्लीतून कुणी जाताना हातात फोन दिसला की त्यांचा पाय थबकतो. याने ती क्लिप बघितली असेल का, एवढंच डोक्यात.

म्हणून तुम्हाला सांगायचं आहे. चष्मा लावलेली, गळ्यात मापाची टेप असलेली बाई, तोंड झाकताना, खाली हसण्याचा आवाज. अशी क्लिप आली असेल तुमच्याकडेही. आत्ता फोन उघडा आणि पुसून टाका. ज्याने पाठवली त्यालाही पुसायला सांगा. आणि सगळीकडे गेली आहे, आता काय उपयोग, असं तेवढं म्हणू नका. तुमच्या फोनमधली फक्त तुम्हालाच पुसता येते. पुसा.