विहीर झाकल्यावर

आमच्या घोडपदेवच्या चाळीत आमदार निधी घ्यावा की नाही यावर सभा झाली, तेव्हा घ्यावा म्हणून सगळ्यात मोठ्याने मीच बोललो. सरकारचा पैसा म्हणजे आपलाच कर, त्यात उपकार कसला? अंगणात लाद्या, बाकडी, दिवे मिळणार होते. अट एकच, मधली विहीर स्लॅब टाकून झाकायची.

ती विहीर दर उन्हाळ्यात चाळकरीच साफ करायचे. एका वर्षी गाळ काढायला उतरलेला माझा काका खालच्या वायूने गुदमरला. बंबवाल्यांनी त्याला बाहेर काढलं, दहन झालं, तेरावं झालं. पण वरून मारलेल्या हाकेला त्याने ओ दिली नव्हती, म्हणून बाबांच्या लेखी त्यांचा दादा वर आलाच नव्हता. तेव्हापासून गाळ निघाला की बाबा काठावर उभे राहून एकेका खोलीचा नंबर पुकारायचे आणि त्या खोलीतून कुणीतरी ओ द्यायचं. आमचा नंबर शेवटी. त्याला बाबा स्वतःच ओ द्यायचे, आणि विहीर ती परत करायची. लहानपणी माझ्या अंगावर काटा यायचा. मोठेपणी लाज वाटायची.

सभेत बाबांनी एवढंच विचारलं, "पैशे घेवा रे, माझी ना नाय. पण झाकल्यार तो वर येतलो खंयसून?"

मी म्हटलं, "बाबा, गेलेला माणूस गेला." ठराव पास झाला.

पुढच्या उन्हाळ्यात साफ करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी बाबा भर दुपारी नव्या लाद्यांवर जाऊन उभे राहिले. चाळीने म्हाताऱ्याचा मान ठेवला, खोल्याखोल्यांतून ओ आली. शेवटी त्यांनी आमचा नंबर पुकारला आणि ते गप्प राहिले. मी त्यांच्याशेजारीच होतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली, घरात आम्ही दोघंच. दाराला मी बाहेरून कडी घातली होती.

आमच्या खोलीतून ओ आली.

शेजारचा टीव्ही असेल, गॅलरीतला कुणी टारगट असेल. मी तेव्हाही हेच म्हणालो, आजही म्हणतो. बाबांनी मात्र रडत हात जोडले. "इलो," ते म्हणाले, "दादा इलो." त्या दिवसापासून ते दुपारी कडी घालू देत नाहीत. जेवायला तिसरं ताट असतं. ते मीच वाढतो. या वयात त्यांच्याशी वाद कोण घालणार?

यंदा पुन्हा निधी आलाय. चाळीच्या तोंडाशी लोखंडी गेट बसणार, कायम बंद, ज्याच्याकडे कार्ड त्यालाच आत प्रवेश. या वेळी सभेत कुणीच काही विचारलं नाही. सेक्रेटरी घरटी माणसं विचारत आमच्यापाशी आला.

"तुमची दोनच कार्डं ना रे?"

बाबा माझ्याकडे बघत होते.

"तीन," मी म्हणालो.