जावेनं दिलेली हलकी गोळी

"मॅडम, हा डिमेन्शिया नाही. तुमच्या अंगात झोपेची गोळी साचली आहे," डॉक्टर म्हणाले. डिमेन्शिया म्हणजे म्हातारपणी स्मरणशक्ती जाण्याचा आजार. तो नाही म्हटल्यावर मुलगा रडायलाच लागला. मी मात्र विचारलं, "साचते कशी?" जन्मभर गणित शिकवलं, सवय जाते होय!

हे गेल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. नालवाडीची जाऊ भेटायला आली आणि आपलं पाकीट पुढे करून म्हणाली, "मले लागू पडली, तुलेबी पडीन. हलकीच आहे." आमच्याकडे गोळीसुद्धा विरजणासारखी मागून आणतात. झोप मस्त लागली, मग पाकीट संपलं की तिच्याकडूनच दुसरं मागवायची. पण काही महिन्यांत मी वर्ध्याजवळच्या सिंदी मेघे गावातल्या माझ्या घरात दोनदा पडले, दुधाखालचा गॅस विसरले, नातीचं नाव आठवेना. "घर बंद कर, पुण्याला चल," मुलगा म्हणाला. मी चिडले, पण आतून पार घाबरले होते.

वर्ध्यात सीटी स्कॅन झाला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल! शेवटी डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या गोळ्या मागवल्या, तेव्हा हे पाकीट निघालं. डायझेपाम. जावेनं दिलेली, म्हणून मी ती औषधात धरलीच नव्हती.

औषध रक्तात निम्मं व्हायला लागणारा वेळ म्हणजे हाफ-लाइफ. माझ्या वयात या गोळीला तीनेक दिवस लागू शकतात. आणि मी तर रोज नवी घेत होते! बरं, लिव्हर औषध फोडतं, तर त्यातून उरणारा मेटाबोलाइट, म्हणजे फोडलेला तुकडा, तोही झोपच आणतो. काय कारभार आहे हा! मी डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून भंडावलं.

"आजपासून बंद," मी म्हटलं.

"अजिबात नाही. एकदम सोडली तर फिट येऊ शकते. मी सांगेन तशीच कमी करायची."

कमी करताना हात थरथरले, घरच्यांवर उगाच खेकसले. जाऊ हे सगळं ऐकून म्हणाली, "मलेबी घेऊन चाल त्या डॉक्टरकडे." घेऊन गेले. तुम्हीही दाखवायला जाल तेव्हा मागून आणलेल्या गोळ्यासुद्धा सोबत न्या. माझ्या डॉक्टरांनी त्या मागितल्या, हे त्यांचे उपकार.

मुलगा पुण्याला एकटाच परतला. झोप अजून तुटक आहे. पण सकाळी उठते ती मीच असते.