तळपायाला सुंठ
सुंठीचा वास आला की मला अजूनही कुणावर तरी खेकसावंसं वाटतं. हिंगोलीच्या एका दवाखान्यात मी सिस्टर म्हणून नवीनच लागले होते. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेल्या, सेनगावकडच्या एका तरुणाला थिएटरबाहेर आणलं आणि भूल उतरता उतरता तो असा कापायला लागला की खाट खडखड वाजू लागली. भुलीनंतर अशी हुडहुडी भरते हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी ऑक्सिजनचा मास्क मी आधी उलटाच लावला. डॉक्टरांना हाक मारून मी ब्लँकेट आणायला धावले. परतले तर त्याची आई पायथ्याशी बसून पदराच्या गाठीतली सुंठीची पूड त्याच्या तळपायांना खसाखसा चोळत होती. "मावशी, बाहेर व्हा आधी!" मी ओरडले. "काहून? याचा बाप असाच कापत कापत गेला," ती म्हणाली, पण हात थांबवले नाहीत. तेवढ्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि पाचेक मिनिटांत कापरं थांबलं. "पाहा, उतरली थंडी," ती आपल्या पिवळट तळहातांकडे बघत म्हणाली. ती इंजेक्शननं उतरली हे मी तिला सांगितलं नाही, पण बाहेर मात्र काढलंच. गेल्या वर्षी माझं ऑपरेशन झालं आणि शुद्धीवर येताना मीही तशीच कापत होते. माझ्याच हाताखाली शिकलेल्या सिस्टरनं घरच्यांना दाराबाहेर ठेवलं, इंजेक्शन दिलं. थंडी गेली, तरी दोन्ही पाय ब्लँकेटबाहेर काढून मी कितीतरी वेळ दाराकडे बघत होते.