कुमसार

आमच्या शाळेच्या मोठ्या सिस्टर अंथरुणाला खिळल्या होत्या आणि त्यांच्या उशाशी कसाराचे लाडू ठेवलेले होते. छठपूजेला इकडे घरोघर करतात ते, तांदळाच्या पिठाचे. अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून सिस्टरची आधी इंग्रजी गेली, मग हिंदी गेली, उरली फक्त वसईच्या लहानपणची मराठी. ती कॉन्व्हेंटात कुणाला कळणार? सेवेला असलेली एक नन झारखंडची, दुसरी केरळची. सिस्टर सारखं काहीतरी मागत होत्या. झारखंडच्या ननला ऐकू आलं ‘कसार’, आणि बिचारीनं धावत जाऊन लाडू आणले. सिस्टरनी तोंड फिरवलं. मग मला फोन आला, कारण अख्ख्या बनारसात त्यांच्या ओळखीची मराठी बाई मीच.

आता मी ब्रह्मा घाटावरची. आमची मराठी घरातल्या घरात बोलायची, निम्मी हिंदी मिसळलेली. पुण्याचे पाहुणे ऐकून हसतात. हसोत बापडे. ह्या सिस्टरनी मला शिकवलं आणि पुढे त्याच शाळेत नोकरीला घेतलं. सासरे म्हणाले, भिक्षुकाच्या घरची सून ख्रिस्ती बायकांत कशाला? सिस्टर स्वतः घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, “सोमवारपासून पाठवा.” विचारलं नाही, सांगितलं. नावाड्यांच्या मुलींना वर्गात घेतलं तेव्हा भल्याभल्या पालकांनी गोंधळ घातला. “चालत नसेल त्यांनी दाखला न्यावा,” म्हणाल्या. कुणीही नेला नाही. मी त्यांना टरकूनच असे. पण ऑफिसचं दार लागलं की हळूच विचारायच्या, “आज आमटी कसली केलीस गं?” तेवढीच आमची मराठी.

मी त्यांच्या तोंडाशी कान नेला. मला ऐकू आलं ‘कासार’. अगं बाई, म्हटलं, बांगड्या हव्यात की काय! जन्मभर हात उघडे ठेवलेल्या बाईला शेवटी बांगड्या भराव्याशा वाटल्या, ह्या विचारानं माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. केरळच्या ननला म्हटलं, “चूड़ी माँग रही हैं.” सिस्टरनी बऱ्या हातानं अंथरुणावर थाप मारली, वर्गात टेबलावर मारायच्या तशी, आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाल्या, “कु-म-सार.”

केरळची नन दचकली. “कुम्बसारम्!” म्हणाली आणि कपाळावर हात मारून घेतला. त्यांच्याकडेही जवळजवळ हाच शब्द. पापांची कबुली. मरण्याआधी सिस्टरना फादरजवळ कबुली द्यायची होती, त्याशिवाय त्यांचा जीव सुटेना, आणि आम्ही शहाण्या लाडू आणि बांगड्या करत बसलो होतो.

फादर आले ते तमिळ, वयानं माझ्या मुलाएवढे. मराठीचा गंध नाही. त्यांनी मला हिंदीत समजावलं: दुभाष्या चालतो, पण ऐकलेलं कुणालाही, कधीही सांगायचं नाही. आणि ‘ह्या म्हणतात’ असं म्हणू नका, त्यांच्या तोंडचं ‘मी’ तसंच द्या.

तेव्हा काय ऐकलं ते मी सांगणार नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, तुम्हाला कुठून सांगू? सिस्टर अडखळत बोलत होत्या आणि मी “मैंने... मैंने...” करत होते, माझ्या आवाजात. ह्या बाईनं असं केलं? पोटात हे घेऊन ती वर्षानुवर्षं प्रार्थनेला उभी राहिली, आमच्या खिचडीत मीठ आहे का बघत राहिली, खोटं बोलू नका म्हणून आम्हाला दटावत राहिली? मला भयंकर राग आला, आणि त्याच दमात भडभडून आलं.

फादरनी क्षमेचे शब्द उच्चारले. सिस्टरना ते कळेनात. मी मराठीत म्हटलं, “सिस्टर, देवानं तुमची पापं माफ केली.” त्यांची नजर तशीच, दारात ताटकळलेल्या माणसासारखी. पुन्हा म्हटलं. काही नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या आता वसईच्या घरात होत्या, आणि तिथं त्यांना ‘तुम्ही’ कोण म्हणणार? पण मोठ्या सिस्टरना एकेरीत? जीभ रेटेना माझी. शेवटी डोळे मिटून घेतले आणि कसंबसं म्हटलं, “बाय, तुला माफ केलं.” कुणी केलं, ते त्या गडबडीत राहूनच गेलं.

सिस्टरनी माझं मनगट धरलं. “तिनं?”

कबुली तोवर आटोपली होती, म्हणून हा एक शब्द सांगायला हरकत नसावी. ती कोण ते विचारू नका. ती कधीच मेलेली होती आणि तिनं माफबिफ काही केलेलं नव्हतं. फादर विचारत होते, “क्या कहा? क्या पूछ रही हैं?” मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

“हो बाय,” म्हटलं. “तिनंच.”

मनगटावरची पकड सुटली. चेहरा असा निवला की मला वाटलं, मी योग्य तेच केलं. दुसऱ्या दिवशी सिस्टर गेल्या. मातीला नावाड्यांच्या त्या मुली आल्या होत्या, कुणी नर्सच्या कपड्यात, कुणी बँकेतून सुट्टी काढून. ओक्साबोक्शी रडल्या. मी रडले नाही. माझ्या शेजारी कुणीतरी उभं होतं आणि तिकडे बघायची माझी छाती होईना.

तेव्हापासून ती येते. भर दिवसा येते. मी डाळीला फोडणी देत असते, नाहीतर गच्चीवर कपडे वाळत घालत असते. परवा रामनगरच्या नावेत समोरच्या फळीवर बसली होती. मी तिला कधी पाहिलेलं नाही, तरी ओळखते. तिरड्या बघत लहानाची मोठी झालेली मी, भुताखेतांना भीक घालत नाही, पण हिच्यापुढे मान खाली घालते. “माझ्या वतीनं माफ करणारी तू गं कोण?” असं ती विचारते.

“सिस्टर सुखानं गेल्या गं,” मी म्हणते. “शांत गेल्या.”

“आणि मी?” ती म्हणते.