आखूड केलेला कोट

वडील राहात्याच्या बाजारात शिवणकाम करत. नगरच्या एका इस्पितळात माझं नर्सिंगचं शिक्षण पुरं झालं, तेव्हा महायुद्ध चालू होतं आणि कापड कंट्रोलवर मिळत होतं. तरी कुठून कुठून जमवून त्यांनी माझ्यासाठी पांढऱ्या ड्रिलचा कोट शिवून ठेवला होता. चांगला गुडघ्याखाली येणारा. तसा कोट इस्पितळात फक्त डॉक्टर घालत. आम्हा पुरुष नर्सांचा कमरेखाली वीतभरच. हे मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तो अंगात घालून पाहिला आणि म्हणालो, "झकास झालाय, आबा."

परीक्षा पास झालो होतो, पण मुंबईच्या कौन्सिलच्या रजिस्टरात नाव चढायचं बाकी होतं. ते चढलं की मी कायद्याने नर्स. त्याआधी काही गैर केल्याचं कळलं, तर ते चढणं अवघड. निरोप देताना मेट्रनबाईंनी बजावलं होतं, "जखम धू, पट्टी बांध, ताप बघ. डॉक्टरांच्या हुकमाशिवाय सुई उचललीस तर सगळं शिक्षण पाण्यात."

घरी येऊन पाहतो तर वडिलांनी साऱ्या बाजाराला सांगून ठेवलेलं: पोरगा डाक्टर झाला. त्यांच्या मनात कपट नव्हतं. आमच्याकडे नर्स म्हणजे बाई. पुरुष माणूस इस्पितळात पांढऱ्या कपड्यात वावरतो म्हणजे तो डॉक्टर, हा त्यांचा सरळ हिशेब. मीच पत्रांतून कधी नीट लिहिलं नव्हतं. लाज वाटायची.

बाजाराच्या दिवशी दुकानापुढे माणसं येऊन बसली. मी तो लांब कोट चढवला. गळवं धुतली, पट्ट्या बांधल्या, नाडी पाहिली. "डाक्टरसाहेब" अशी हाक आली की माझी मान आपोआप वळायची. आता लिहितानाही ती मान मला दिसते.

दुपारी आत्या आली. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, त्यामुळे आमच्या घरात तिचा शब्द कुणी मोडत नसे. हिवतापातून नुकतीच उठलेली, चेहरा ओढलेला. तिने पदराची गाठ सोडून औषधाची एक काचेची कुपी माझ्यापुढे धरली.

"ही शक्तीची सुई. बाजारातल्या कंपाउंडरकडनं आनली, पर टोचून घेतली न्हाई. म्हनलं, घरचा डाक्टर असताना परक्यापुढं दंड कशाला उघडा करू?"

"आत्या, मला नाही देता येणार. डॉक्टरांचा हुकूम लागतो."

"मग तू कोन हायस?"

दुकानापुढची कुजबुज थांबली. उत्तर एका शब्दाचं होतं. मी म्हणालो, "तसा नियम असतो."

"नियम? मी सोडते हुकूम. तुझी आत्या हाय मी. मार सुई!"

लोक हसले. शेजारचा गूळवाला म्हणाला, "नगरला शिकलेली सुई राहात्यात चालत न्हाई वाटतं!"

आत्या मात्र हसली नाही. तिचे डोळे भरले. "ह्याच दंडावर निजवलाय तुला. आज त्याला हात लावायची लाज वाटती व्हय रं?"

तिथे मी हरलो. आत गेलो. वडिलांच्या इस्त्रीचे कोळसे फुललेले होते. त्यावर पातेलीत पाणी ठेवलं आणि नगरच्या जुन्या बाजारात हौसेने घेतलेली सिरिंज उकळायला टाकली. वडील मागोमाग आत आले.

"आता देनार?"

"हो."

"मग मगाशी न्हाई का म्हनलास?"

तेव्हा कुठे मी सगळं सांगितलं. रजिस्टर, कौन्सिल, मेट्रनबाई. "मी डॉक्टर नाही, आबा. नर्स आहे."

"बाया असत्यात, तसला?"

"तसलाच."

"आन सुई दिली तर?"

"कुणी कळवलं तर रजिस्टरात नाव लागणार नाही. मग धड नर्सही नाही."

त्यांनी उकळती पातेली खाली उतरवली आणि ते बाहेर गेले. पडद्याआडून मला त्यांचा आवाज आला.

"मंडळी, पोरगं डाक्टर न्हाई. नर्स हाय. म्या चुकीचं सांगितलं. मलमपट्टी करंल, सुई देनार न्हाई."

"नर्स?" गूळवाला ओरडला. "मग पोलकी शिवा आता त्याला!"

"शिवीन की," वडील म्हणाले. "माप घरातच हाय."

हशा उसळला. तो ओसरेपर्यंत मी पडद्यामागेच उभा होतो. जे वाक्य मी बोलायला हवं होतं, ते वडिलांनी आपल्या गिऱ्हाइकांपुढे उभं राहून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी बैलगाडी मागून आणली आणि मी आत्याला कोपरगावच्या सरकारी दवाखान्यात नेलं. कोट घातला नाही. डॉक्टरांनी तिची छाती तपासली, पोट चाचपलं, कुपी उजेडात धरून पाहिली. म्हणाले, "द्यायला हरकत नाही. तुम्ही शिकलेले आहात ना? द्या माझ्यासमोर." मी दिली.

आत्या दंड चोळत म्हणाली, "एवढं ऐकायला गाडीत माझी हाडं खिळखिळी केलीस? ह्ये तर मी कालच म्हनलं हुतं!"

खरंच, हुकूम तोच निघाला. सुई घातक ठरली असती तर निदान वडिलांच्या त्या अपमानाची भरपाई झाली असती, असं माझ्या मनात बरीच वर्षं येत राहिलं. तसं काही झालं नाही. पण डॉक्टर छाती तपासून "द्या" म्हणाले होते. मी आत्याचे डोळे पाहून द्यायला निघालो होतो. हा फरक मला पुढे वॉर्डात हळूहळू कळला. माझ्या हाताला हद्द घालणाऱ्या त्या नियमाचे मी आज मनापासून उपकार मानतो. वडिलांनी मात्र तो न कळताच पाळला, केवळ माझ्यासाठी.

परत आलो तेव्हा ते मशीनवर होते. कोट मांडीवर. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्यात कुठवर घालत्यात?"

मी कमरेखाली हात लावून दाखवला. त्यांनी खडूची रेघ ओढली आणि कात्री चालवली. कंट्रोलच्या दिवसांत तेवढं पांढरंशुभ्र कापड कापताना त्यांचा हात अडला नाही. उरलेल्या पट्टीचे रुमाल शिवून त्यांनी आत्याला दिले. दवाखान्यापासून रुसलेली ती तेव्हा कुठे माझ्याशी नीट बोलली.

पुढे नाव चढलं. तो कोट मी विरेपर्यंत वापरला. आज इतक्या वर्षांनी एखादा रोगी पाणी मागताना "डॉक्टरसाहेब" म्हणाला, तर मी आधी सांगतो, "मी नर्स आहे, बाबा," आणि मग पाणी देतो.