कावेरीमावशींचा कॉन्ट्रास्ट

"सिंह आहे तो, मावशी."

"असेल. कुठाय?"

"हा काय, मधोमध!"

"अगंबाई! मला वाटलं, कुणीतरी गाजरहलवा सांडलाय."

शैलेंद्रने कागद कावेरीमावशींच्या हातातून ओढून घेतला. लाल ढालीवर भगवा सिंह, पंजा उगारलेला. तीन शनिवार बसून स्वतः काढलेला. शारजाच्या आमच्या मंडळाचा क्रिकेट संघ परवा पहिल्यांदा मैदानात उतरणार होता आणि चौदा जर्सींवर, छातीशी, एक ढाल शिवायची होती. भांडण सकाळी शारजात, मंडळाचा अध्यक्ष म्हणजे शैलेंद्रच, त्याच्या गाडीत सुरू झालं. दीड तासाच्या जॅममध्ये ते छान मुरलं. आता दुपारच्या सुट्टीत, दुबईच्या मीना बाजारातल्या दुकानाच्या अर्ध्या ओढलेल्या शटरमागे, त्याला उकळी फुटली होती. चार वाजता पलीकडच्या गल्लीतला एम्ब्रॉयडरीवाला मशीन लावणार होता. त्याला एकच ढाल द्यायची होती : शैलेंद्रची, नाहीतर मावशींची.

हो, मावशींचीही होती. एकोणीस वर्षं त्या या दुकानात ब्लाउजपीसच्या काउंटरला उभ्या आहेत. बाई साडी पुढे करते, मावशी न बघितल्यासारखं बघतात आणि ढिगातून नेमका तोच तुकडा उपसतात. त्यांनी जुळवलेले ब्लाउज दुबईभर मिरवतात, आणि कुणी विचारलं, "वा, निवड कुणाची?" तर बाई म्हणते, "माझीच की!" म्हणून या ढालीवर मावशींचा जीव होता. एकदा तरी त्या प्रश्नाला 'कावेरीबाईंची' असं उत्तर मिळावं, एवढंच.

खोड मात्र भारी. खाडी ओलांडणाऱ्या होडीत, अब्रात, शेजारी बसलेल्या अनोळखी फिलिपिनो मुलीला त्या शुद्ध मराठीत सांगतात, "या ड्रेसवर ही पर्स नको गं," आणि ती बिचारी घाबरून पर्स पोटाशी धरते. होणारा जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याच्यादेखत लेकीला म्हणाल्या, "मुलगा राहू दे, टाय बदल."

काउंटरवर कात्रीने कापलेल्या कापडी ढाली पसरल्या होत्या. अर्धी निळी अर्धी पांढरी, तिरप्या पट्ट्यांची, चौकड्यांची. चौकड्यांवर मावशींनी भगव्या कापडाचा सिंह ठेवला.

"बघ, चौकड्यांनी गिळला तुझा सिंह. एकतर कापडाच्या जमिनीने नटायचं, नाहीतर जनावराने. दोघांनी नाही."

"मावशी, युरोपातल्या सरदारांच्या ढालींवरची अख्खी पीडीएफ वाचलीय मी. नियम असतात त्याला. सोनेरी आणि पांढरा हे धातू, बाकीचे रंग. रंगावर रंग ठेवायचा नाही."

"मग लालवर भगवा काय ठेवलायस?"

शैलेंद्रने सिंहावर तळवा ठेवला.

"हेच मी एकोणीस वर्षं सांगतेय. फक्त पीडीएफ काढली नाही."

"भगवा पिवळ्याच्या जवळचा असतो. म्हणजे सोनंच धरायचं."

"सोनाराकडे नेऊन धर, बघू काय देतो ते."

"बरं, तुमची दाखवा!"

मावशींनी खणातून अलगद काढली. हिरवीगार ढाल, वर जांभळा मोर. पैठणीचेच रंग.

"मोर? मावशी, आपला भिवा फास्ट बोलर आहे. मोर लावून धावत येणार?"

"नाचत येईल. धावून तरी कुठे विकेट मिळते त्याला?"

मावशींची परीक्षा एकच : गल्लीपलीकडून बघायचं, डोळे किलकिले करून. समोर लेसच्या दुकानाबाहेर हाफिजाबाजी स्टुलावर बसल्या होत्या. मावशींनी शटरखालून वाकून शैलेंद्रचा कागद उंच धरला.

"बाजी, क्या दिखता है?"

"आम?"

"आम!" मावशींनी टाळी दिली, स्वतःलाच. "घ्या, हापूस क्रिकेट क्लब!"

शैलेंद्रने चिडून मोर उचलला. "और ये, बाजी?"

बाजी बराच वेळ बघत राहिल्या. "लाइट गई है क्या उधर?"

शैलेंद्रने हसायला तोंड उघडलं, पण मावशींचा चेहरा बघून त्याने ते मिटलं. त्या आत येऊन स्टुलावर बसल्या. "पैठणीवर तर दिसतो," त्या हळूच म्हणाल्या. "जन्मभर दिसलाय."

मॅचिंगसाठी कुणीतरी ठेवून गेलेली पैठणी त्यांनी उलगडली, पदर डोळ्यांजवळ नेला आणि मोराच्या कडेने बोट फिरवलं. एकदा, दोनदा.

"मेली जर!"

"काय झालं?"

"हिरवं जांभळ्याला टेकलेलंच नाहीये कुठे. मधे सगळीकडे बारीक सोनेरी जर आहे. काम सगळं ती करते आणि मी शाबासकी देतेय रंगांना!"

पुढची दहा मिनिटं नुसती सुई चालली. मोराच्या कडेने सोनेरी दोरी बसली. ढाल शटरबाहेर धरताच गल्लीपलीकडून आवाज आला, "मोर!"

पावणेचार झाले होते. मावशींनी उरलेली दोरी बोटाला गुंडाळली, शैलेंद्रकडे बघितलं, कागदावरच्या सिंहाकडे बघितलं. मग लाल कापडावर भगवा सिंह टाचला आणि त्यालाही सोन्याची कड घातली. आयाळ, पंजा, शेपटीचं टोकसुद्धा. या वेळी ढाल शैलेंद्रने धरली.

"शेर है, भाई!" बाजी ओरडल्या. "और बहुत गुस्से में है!"

"बघा! आहे की नाही सिंह!" शैलेंद्रने तिथेच एक उडी मारली. "मशीनवर सिंहच जाऊ दे ना, मावशी? पोरांना तोच हवाय."

मावशींनी मोरावरून एकदा हात फिरवला. मग तो पैठणीखाली सारला आणि लाल ढालीची घडी केली.

"यल्ला, चल लवकर, चार वाजतील," त्या चपला शोधत म्हणाल्या.

शैलेंद्रची उडी आता जरा खाली आली होती. सिंह त्याचा होता, पण दिसत होता तो मावशींमुळे, हे त्यालाही कळलं होतं.

"मावशी, थांबा. परवा मैदानावर कुणी विचारलं, ढाल कुणाची, तर काय सांगू? माझी म्हणू की तुमची?"

"सिंह तुझा, कड कावेरीबाईंची," म्हणत मावशींनी ढाल पर्समध्ये घातली, पदर खोचला आणि शटरखालून वाकून त्या गल्लीत निघून गेल्या.