अशी तक्रार फक्त तुमचीच

ती काळी मोटार अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पन्नासच्या दशकात मी ठाण्याला फौजदार होतो. टेंभी नाक्याजवळ राहणारे एक वकील स्वतः मोटार चालवत पत्नीसह कल्याणहून परतत होते. एका उजव्या वळणावर मोटारीचं डावं दार उघडलं, बाई रस्त्यावर पडल्या आणि जागीच गेल्या. पंचनाम्यात आम्ही अपघात लिहिला.

दुसऱ्या दिवशी बाईंचा भाऊ चौकीत आला. "साहेब, त्यानेच ढकललं तिला. घरून निघण्यापूर्वी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. शेजाऱ्यांना विचारा."

शेजाऱ्यांचे जबाब घेतले. भांडण खरं होतं. खुनाचा गुन्हा नोंदवून वकिलांना अटक केली.

"भांडण कशावरून झालं?" मी विचारलं.

"ते माझ्यापाशीच राहू द्या."

"वकीलसाहेब, फाशी होईल."

"दार आपोआप उघडलं. याहून जास्त सांगणार नाही."

कोर्टात भल्याभल्यांना बोलतं करणारा हा माणूस कोठडीत भिंतीकडे तोंड करून बसे. मूलबाळ नव्हतं. भेटायला कुणी येत नव्हतं. रोजचे स्नेहीसुद्धा चौकीवरून जाताना मान वळवत. खुनी मी पुष्कळ पाहिले. त्यांना आपली बाजू सांगायची घाई असते. यांना ती नव्हती, आणि तेच मला खटकत होतं.

मुंबईहून मोटार बनवणाऱ्या कंपनीचा साहेब ती तपासायला आला. त्याने दार दोनदा उघडून लावलं आणि तो म्हणाला, "दोष नाही. अशी तक्रार आजवर एकही आलेली नाही." वकिलांचं आता काही खरं नाही, असं मला वाटलं.

पुढे कामानिमित्त कल्याणला गेलो. तिथे एका दवाखान्यासमोर अगदी तशीच मोटार उभी. डाव्या दाराच्या मुठीला लुगड्याची चिंधी बांधून ती सीटखाली अडकवलेली. मोटार तिथल्या डॉक्टरीणबाईंची होती.

"बाई, हे काय?"

"अहो, वळणावर उघडतं ते दार! कंपनीला कळवलं, तर म्हणाले, अशी तक्रार फक्त तुमचीच, दार जोरात लावत जा. मला वाटलं, माझ्याच नशिबी वाईट गाडी आली."

मग मी तशा मोटारी शोधत सुटलो. कळव्याच्या एका मिठागरवाल्याने दाराला चक्क साखळी लावली होती. त्यालाही हेच उत्तर मिळालं होतं. दोघांना समोर बसवून मी कंपनीच्या साहेबाला बोलावलं. "आता सांगा, फक्त कुणाची तक्रार?"

साहेबाने चष्मा काढून पुसला. "तसंच सांगायचा वरून हुकूम आहे," तो पुटपुटला.

वकिलांच्या मोटारीत डावीकडे वाळूची पोती ठेवून पंचांसमक्ष तेच वळण घेतलं. दार उघडलं.

हे सांगायला मी कोठडीत गेलो. तशा आणखी मोटारी आहेत हे ऐकताच वकील ढसाढसा रडले. "फौजदारसाहेब, मीही तक्रार केली होती. मलाही हेच उत्तर आलं, आणि मी ते खरं मानलं. ती बिचारी म्हणायची, अहो, दार नीट लागत नाही हो. मी म्हणायचो, तुलाच लावता येत नाही. त्या दिवशीचं भांडण तेच. ते कुणाला सांगायचं कोणत्या तोंडाने?"

त्यांची सुटका झाली. मोटार परत देताना मी दाराला दोरी बांधून दिली. "आता कशाला?" ते म्हणाले. "त्या बाजूला बसणार कोण?"

माणसाला एकटं पाडलं की तो स्वतःवर, नाहीतर घरच्या माणसावर खापर फोडतो, हे मी या प्रकरणात शिकलो. पुढे नोकरीत कुणी 'तक्रार फक्त याचीच आहे' म्हणालं की मी आधी दुसरा तक्रारदार शोधायला निघे. बहुधा तो सापडे.

वकिलांनी ती मोटार विकली नाही. नाक्यावर उभा असताना मी त्यांना पुष्कळदा पाहिलं. उजवीकडे वळताना त्यांचा डावा हात शेजारच्या रिकाम्या सीटपुढे आडवा जायचा.